पिवळ्या खांबांना नारळ

११ जून

कुठल्या मेल्याने बंदराच्या वाटेवर पत्रा ठोकलाय. डोक्यावर पाटी, मानेवर मासळीचं पाणी गळतंय, आणि मी पत्र्याला वळसा घालून चिखलातून चाललेय. पायात काच गेली. काच काढली, पत्र्याला शिव्या घातल्या, पत्रा होता तिथेच.

बरं, नमस्कार. दक्षताने, माझ्या नातीने, दिल्लीला जाताना ही डायरी दिली. म्हणाली, आजी, मनात येईल ते लिही, कुणी वाचणार नाही. मग नमस्कार कुणाला घातला? जाऊ दे. लिहिलेलं खोडत नाही मी.

बंदर म्हणजे मोठं काही नाही. कोलशेतच्या खाडीची एक उतरण, गाळ, होड्या बांधायचे चार खुंट आणि सात-आठ होड्या. त्यातली एक आमची. नवऱ्याची, गुणाजीची. तो गेला, आता दीर विठ्ठल चालवतो. तो आणतो, मी माजिवड्याच्या नाक्यावर विकते. बंदर गेलं तर विठ्ठल घरी आणि मी पण घरी. दोघं समोरासमोर. एकमेकांचा जीव घेऊ.

१३ जून

पत्र्यावर बोर्ड लागला. मी वाचत होते, पण अक्षरं लांबलचक. जयेशने वाचून दाखवला. जयेश माझा मुलगा, दक्षताचा बाप. शीळफाट्याला डंपर चालवतो. होडीवर उलटी होते त्याला. कोळ्याच्या पोटी जन्मून उलटी.

बोर्डावर लिहिलंय, पूर संरक्षक बांध आणि खाडीकिनारा रस्ता. जयेश म्हणाला, आये, हवामान बिघडलंय, समुद्र वर येणार, म्हणून दिल्लीने पैसा काढलाय, भिंत घालणार. मी म्हटलं, पाणी वर येतं ते आम्हाला माहीतच नव्हतं बाबा, उधाणाला चुलीत यायचं ते काय पाहुणं होतं? भिंत कशाला, ती तिवराची झाडं तोडू नका म्हणावं. तिवरांत पाणी अडतं, कोळंबी पण तिथेच वाढते.

काळजीचं कारण नाही. दिल्लीत माझी नात हवामानाचा कायदा लिहितेय.

जयेश म्हणतो, ती लिहीत नाय आये, लिहिणाऱ्यांना कागद नेऊन देते. एकच झालं. मासा मी पकडते का? तरी लोक म्हणतात, सरस्वतीची मासळी.

२० जून, दुपारी

दक्षताचा फोन. तिच्या संस्थेला कायद्यात एकच ओळ घालून हवीय. किनाऱ्यावर काम करायचं तर आधी तिथल्या गावाला विचारायचं. गाव नाही म्हणालं तर काम नाही. मी म्हटलं, एवढंच? मला विचारलं असतं तर मीच सांगितली असती ही ओळ. ती म्हणाली, आजी, तुझ्यावरूनच सुचली.

हे शेजारच्या केशरबाईला सांगायला पाहिजे.

खासदारांना सोडे पाठवू का विचारलं. चांगली वाळलेली कोळंबी आहे. म्हणाली, आजी, ती लाच होईल. सोड्यांची लाच! इथे कुठल्या साहेबाकडे रिकाम्या हाताने गेलं तर तो विचारतो, घरी सगळं बरं आहे ना.

निश्चय: कायदा होईपर्यंत कुणाशी भांडायचं नाही. नातीच्या कामाला अपशकुन नको.

२१ जून

भांडले. केशरबाई म्हणाली, तुझी नात दिल्लीत कायदा करते आणि तुझा पोरगा इथे डंपर भरतो. मी म्हटलं, तुझा जावई काहीच भरत नाही, पोटाशिवाय. तिने सुरुवात केली होती, म्हणून हे भांडण धरायचं नाही.

२ जुलै

आज खांब लागले. पिवळे, कमरेएवढे, ओळीने, होड्यांच्या पुढे पार पाण्याच्या कडेला. मी नीट बघितलं. होड्या खांबांच्या अलीकडे, आपल्या बाजूला. पलीकडे पाणी. म्हणजे होड्यांना कुंपण घातलं. भिंत खांबांच्या पलीकडे होणार, होड्या आत राहणार.

दक्षताच्या कागदाचा परिणाम. कायदा व्हायच्या आधीच घाबरले.

जयेशला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, आये, असले खांब मी रोज बघतो. माती टाकायची हद्द असते ती. खांबापर्यंत सगळं भरतात. मी म्हटलं, तुझं ते शीळफाट्याचं डोंगराचं काम, खाडीचं तुला काय कळतं? तू होडीत बसलास की ओकतोस. त्याने भात कालवला. मग म्हणाला, निदान दक्षताला विचार. तिला कशाला? तिला कामं नाहीत का?

विचारलं नाही.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

फार चांगला दिवस.

खाडीला नारळ दिला, दरवर्षीसारखा. मग मी बायकांना म्हटलं, यंदा खांबांना पण मान द्यायचा. ज्याने होड्या राखल्या त्याला नारळ नको? केशरबाई म्हणाली, गो सरस्वती, आपण कधी सरकारी खांब पुजलेत का? मी म्हटलं, तू कधी सरकारी खांबाने राखलेली होडी बघितलीस का? सगळ्या आल्या. हळदकुंकू लावलं, हार घातला, मी नारळ फोडला. एका फटक्यात. खोबरं पांढरं शुभ्र.

तेवढ्यात कामावरचा इंजिनियर आला. ऋतुराज नाव. लहान आहे, पण वळण चांगलं. बूट काढले, हात जोडले, खोबरं कपाळाला लावून खाल्लं. म्हणाला, आजी, फोटो काढू? काढ म्हटलं. मग मोबाईल समोर धरून विचारलं, आजी, गावाची काही हरकत नाही ना? मी म्हटलं, कसली हरकत रे बाबा, आमच्या भल्याचंच आहे. म्हणाला, सगळ्या गावातर्फे म्हणा. म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं, पहिल्या वेळी वारा होता.

सगळ्या गावातर्फे मी बोलले. गुणाजी असता तर मागे उभा राहून खाकरला असता.

जयेश आला नाही. ड्युटी होती.

१९ ऑगस्ट

कायदा झाला! आणि ती ओळ आत आहे! दक्षता फोनवर रडत होती. मी म्हटलं, मूर्ख, जिंकल्यावर रडतात का? म्हणाली, आजी, आता गावाला विचारल्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही.

पेढे वाटले. केशरबाईला दोन दिले, तिचं तोंड बघायला.

विठ्ठलने पेढा घेतला आणि विचारलं, वहिनी, मग ते पत्रे कधी काढणार? म्हटलं, थांब जरा. दिल्ली लांब आहे.

९ सप्टेंबर, सकाळी

दक्षताचा फोन. बऱ्याच दिवसांनी. आवाज कसातरी.

दिल्लीत मीटिंग होती. कायदा कसा लागू होतोय ते साहेब लोक पडद्यावर दाखवत होते. कुठल्या कुठल्या किनाऱ्यावर बांध, रस्ते, हवामानाचा पैसा. गावांना विचारलं का? हो, विचारलं. हा बघा पुरावा. आणि पडद्यावर कोलशेत. पिवळे खांब, हार, बायका, आणि मधे एक म्हातारी नारळ फोडतेय.

दक्षता म्हणाली, आजी, ती तू आहेस का?

मी म्हटलं, नाय. केशरबाई असेल. लांबून आम्ही सारख्याच दिसतो.

ती म्हणाली, जवळून आहे. व्हिडिओ आहे, आवाज आहे. सगळ्या गावातर्फे हरकत नाही म्हणतेस. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, हे तुमचंच गाव ना?

मग तू काय म्हणालीस?

हो म्हणाले.

मग?

मग खाली बसले, आजी.

मी म्हटलं, नेटवर्क जातंय. आणि ठेवून दिला. नेटवर्क होतं.

१५ सप्टेंबर

ठाण्याला बांधाच्या कार्यालयात जाऊन आले. मनात सगळं पाठ करून गेले होते. पूजा म्हणजे परवानगी नाही, मी नात्याने दक्षताची आजी, कायद्याची ओळ माझ्यावरून सुचलेली.

साहेब चांगला. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मी बोलले ते सगळं ऐकलं. मग म्हणाला, आजी, तुम्हीच तर आमच्या कामाची सुरुवात केलीत. त्याने मोबाईल फिरवून मला मीच दाखवली. आवाज माझा खणखणीत आहे, एवढं खरं.

म्हटलं, आता मी नाही म्हणते. तो म्हणाला, तसं लेखी द्या, विचार होईल, पण माती निघाली आहे.

बाहेर केशरबाई थांबली होती. तिला सांगितलं, काम थांबतंय. साहेब घाबरला. तिने माझा हात धरून रस्ता ओलांडला. हात कशाला धरते ही बया? मला दिसतं.

२९ सप्टेंबर

विठ्ठलने होडी ओढून देवळामागे नेली. तात्पुरती. बाकीच्यांनीही नेल्या. मी त्यांना सांगितलं, घाई करताय. ते ओढत राहिले.

दक्षताला फोन करायचा निश्चय केला. काय बोलायचं ते ठरलं की करणार.

६ ऑक्टोबर

सकाळी पत्रे काढले. म्हटलं, बघा, मी सांगत होते.

मग डंपर आले. उतरणीवर उलटे लागले. कुणीतरी ओरडत होतं, मागे घे, मागे घे, अजून मागे. पहिल्याने माती ओतली ती खुंटांवर. लाल माती, डोंगरातली. खाडीचा गाळ काळा असतो. मग पुढच्याने ओतली. खांबापर्यंत. बरोब्बर पिवळ्या खांबापर्यंत. हार अजून होता एकाच्या गळ्यात, वाळलेला.

तिसरा डंपर जयेशचा होता. मला बघून त्याने काच खाली केली. सकाळी डबा विसरून गेला होता. मी घरी जाऊन आणला आणि दिला. मालकाने दुसरं काम दिलं नाय आये, म्हणाला. म्हटलं, कालवण सांडेल, सरळ धर.

त्याने माती ओतली आणि गेला. ऋतुराज लांबून हात जोडत होता.

केशरबाई, बाकीच्या बायका, विठ्ठल, सगळे उभे होते. कुणी मला काही म्हणालं नाही. एकीने तरी शिवी घालायची.

दक्षताचे दुपारपासून फोन येताहेत. कुणी तिला फोटो पाठवला असणार. मी उचलणार नाही. जयेश घरी आला की फोन त्यानेच उचलायचा, उत्तर त्यानेच द्यायचं. विचारलं तर सांगायचं, आजी बंदरावर गेलीय.