आजीची निगेटिव्ह

पप्पा,

आजीचा फोटो लॅबमध्ये अडकलाय, हे मी खोटं सांगितलं. रोल मी घरीच धुतला होता, आजी जायच्या दोन महिने आधी. निगेटिव्ह शोकेसमध्ये तुमच्या उजेड मोजायच्या जुन्या मीटरखाली ठेवलीय. खिडकीशी धरून बघा. साडीची चुणीन् चुणी आलीय आणि चेहऱ्याच्या जागी नुसती कोरी फिल्म. प्रिंट काढली तर तिथं काळा डागच येईल.

तुम्ही बजावलं होतं, पौर्णिमेला सगळे पांढऱ्यात असतात, मीटर साडीच्या उजेडाला फसतं आणि चेहरा अंधारात जातो, चेहऱ्याजवळ धर. विहारात सगळ्यांसमोर तिच्या गालाशी मीटर न्यायची मला लाज वाटली. लांबूनच रीडिंग घेतलं. परत फोटो काढता आला असता, पण मग चूक तुम्हाला सांगावी लागली असती. म्हणून लॅबचं निमित्त सांगितलं.

रविवारी आजीच्या पुण्यानुमोदनाला फ्रेम हवी, म्हणून वालचंदनगरला विकीदादाकडं चाललेय. त्याच्या मोबाईलमध्ये आजीचा एक फोटो आहे. भाकरी टोपलीत आहे, जेवून घ्या.

बटण दाबायच्या आधी आजीनं विचारलं होतं, "मी काळी हाय, दिसंन का गं फोटूत?"

मी म्हटलं होतं, दिसशील की.

दिशा