जिन्यातला उंबरा

आई, नव्या जागेत सामान आलं ते असं: देव्हारा, दोन ट्रंका, पाटा-वरवंटा, तांदळाची कणगी आणि तुमचा पितळी डबा. हातगाडीचे तीन रुपये झाले. कणगी वर चढवायचे हमालाने निराळे मागितले, ते मी दिले नाहीत. तुमच्या मुलाने आणि मी मिळून ती चढवली. उंबरा मात्र आला नाही. त्याचंच लिहायला बसले आहे.

नगरपालिकेच्या दगडी खोल्यांची आपली ओळ पाडली. सरकारच्या घरबांधणी मंडळाने त्याच जमिनीवर तीन मजले उठवले. लोणावळ्याबाहेर कुणाला घालवलं नाही. बांधकाम होईपर्यंत आम्ही सगळे शेजारीच पत्र्याच्या शेडात राहिलो. विहीर बुजवली नाही, छपराचं पाणी टाकीत घेतलं आहे, आणि जुन्या खोल्यांचं सागवान, घडीव दगड, धड होतं ते सगळं नव्यात वापरलं. तुम्ही असतात तर एवढी काटकसर बघून मान डोलावली असती. मलाही पटलं होतं. जिना चढेपर्यंत पटलं होतं.

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन आत येताना उंबऱ्यावर पाय दिला. तुम्ही चुलीपुढे होतात. वर न बघता म्हणालात, "पाय उचल. घरातली गेलेली माणसं तिथं बसतात. आपल्या आजेसासूच्या मांडीवर उभी आहेस तू." मी कळशी सांभाळत मागे सरले. त्यानंतर रोज पहाटे उंबरा धुऊन हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडे आलं. आणि तुम्ही स्वतः दुपारी त्याच उंबऱ्याच्या डाव्या टोकाला वरवंट्याने सुपारी फोडायचात, तिथं खळगाच पडला होता. एकदा धीर करून मी विचारलं, तर म्हणालात, "त्यांनाही खांड मिळते की." मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला तिथंच उभं करून माझ्या हातावर दही घातलंत. सुनेला परीक्षेला बसवणारी सासू आपल्या ओळीत दुसरी नव्हती, हे मी विसरलेले नाही.

तो खळगा, आई, सुपारीचा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीला आहे. पहिल्याच दिवशी दिसला. पायरी नव्या सिमेंटात पक्की बसवलेली, आणि वरून दोन्ही मजल्यांची माणसं चपला वाजवत जातात. वडिवळ्याची एक मावशी बांधकामावर कामाला होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "व्हय ताई, आमीच दोघींनी बांबूला बांधून आणला त्यो. लय जड. कुनाच्या दाराचा त्ये कुनी सांगितलं न्हाई. आमाला ठावं असतं तर आमी तरी पायाखाली घातला असता का?"

तेव्हापासून मी ती पायरी ओलांडून चढते. वरच्या मजल्यावरच्या, रेल्वेतल्या पॉइंट्समनच्या आईने पाहिलं आणि हसली, "काय गं, या वयात लंगडी खेळतेस?" मीही हसले. काय सांगणार? संध्याकाळी खंडाळ्याकडून धुकं येतं, ते जिन्यात शिरतं, आणि तिसऱ्या पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. डोक्यावरून पदर, गुडघे जवळ घेतलेले. मी दुधाचं भांडं घेऊन खाली उभी राहते. चपला वाजवत वरून माणसं उतरतात, नेमकी त्यातूनच. पदर हलत नाही. मी रामरक्षा म्हणते. ती संपेपर्यंत कधी पायरी मोकळी होते, कधी होत नाही. मग वरवंटा पडल्यासारखा एक आवाज येतो.

शेवटी मंडळाच्या ओव्हरसियरना गाठलं. त्यांनी आधी समजावलं, "बाई, एवढा चांगला दगड फेकून द्यायचा का? जुन्यातलं टिकेल ते वापरायचं, असा आम्हाला हुकूमच आहे." मी सगळं सांगितलं, पदराचं नाही, फक्त हळदकुंकवाचं. ते म्हणाले, "माझ्या आईनेही ऐकून घेतलं नसतं. उद्या सकाळी गवंडी पाठवतो. पायरी नवी करू, आणि हा तुमच्या दाराला बसवून देऊ. खर्च नाही." तुमच्या मुलाचे डोळे भरून आले. शेजारणी म्हणाल्या, सून असावी तर अशी.

मला मात्र रात्रभर झोप नाही.

या घरात मी कांदा केव्हाही चिरते. चातुर्मासातसुद्धा, एकदा. डाळ किती घालायची ते कुणाला विचारत नाही. दुपारी दार लावून तासभर आडवी होते आणि चुलीपुढून कुणी "उठलीस का?" म्हणत नाही. तुम्ही वाईट नव्हतात, आई. पण जिन्यातून दारात आलात तर पुन्हा पहाटेपासून तुमची नजर पाठीवर असेल, आणि मी पुन्हा कळशी सांभाळत उभी राहीन. आणि जिन्यात तशाच राहिलात तर रोज शंभर पाय. दोन्ही मला बघवणार नाहीत. खरं सांगायचं तर पहिलं जास्त बघवणार नाही.

या पत्रावर काय पत्ता घालावा ते मला माहीत नाही, आणि पाकीटही आणलेलं नाही. तरी गवंडी पहार घेऊन यायच्या आत तुम्हाला कुठं बसायचं आहे ते उलट टपाली कळवावं. काही कळलं नाही, तर मी गवंड्याला परत पाठवीन.