तळ्यावर एकदाच विचारतात

आई, शिफ्ट संपून बराच वेळ झाला तरी मी अजून वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीतच बसलेय. स्कोफिल्ड्सला पोचेपर्यंत ट्रॅफिकने जीव खाल्लेला असेल, घरी मुलगा फ्रिजचं दार उघडं टाकून "मम्मा, देअर्स नथिंग टू ईट" म्हणत उभा असेल, हे सगळं माहीत आहे, पण गाडी सुरू करवत नाहीये. वय झालं म्हणावं तर तेही नाही. हॉस्पिटलच्या किचनमधून ट्रॉली घेऊन वॉर्डावॉर्डात हिंडायचं, चहा की कॉफी, सूप हवं का, एवढंच विचारायचं आणि पुढे जायचं, यात दमण्यासारखं काय आहे म्हणा. पण आज एका खाटेवर आपल्याकडच्याच एक आजी होत्या. चहा विचारला तर म्हणाल्या, "नको बाई, कशाला." मी पुढे गेले. दारात ट्रॉली अडली म्हणून मागे बघितलं, तर आजी ट्रॉलीवरच्या किटलीकडे बघत होत्या. मग परत गेले आणि न विचारताच कप भरून ठेवला. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीयेस. लॉजवरच्या त्या उन्हाळ्याबद्दल तुला नीट असं मी कधी सांगितलंच नाही. जे सांगितलं ते ओरडून सांगितलं.

बी.एस्सी. झालेली मुलगी स्वयंपाकाचा कोर्स करायला सिडनीला निघाली, तेव्हा तू सोसायटीत 'फूड सायन्स' म्हणून सांगत सुटली होतीस. मला हसू यायचं आणि रागही यायचा. पण तेव्हा इकडे येणाऱ्यांची रीघच लागली होती गं. इंजिनियर झालेली मुलं केस कापायला शिकत होती, मी कांदा बारीक चिरायला शिकत होते. शिकायचं कुणालाच नव्हतं, राहायचं होतं. स्वयंपाक्याला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, लवकर मिळते असं सगळे म्हणत. त्यासाठी कुठल्या तरी किचनने मला पक्कं ठेवून घ्यायला हवं होतं. देवाकडे मी दुसरं काही मागतच नव्हते. वेंटवर्थव्हिलच्या आपल्या देशी हॉटेलवाल्यांचे उंबरठे झिजवले, सगळ्यांकडे माझ्यासारख्या रांगेने उभ्या. मग नोव्हेंबरात कॉलेजच्या फळ्यावर एक जाहिरात दिसली. टास्मानियात, डोंगरातल्या एका तळ्याकाठी मासेमारीचं लॉज, उन्हाळाभर किचनमध्ये मदतनीस हवी. मासा साफ करता येतो का, एवढाच प्रश्न होता त्यात. तुझ्या हाताखाली बोंबील साफ केलेल्या मुलीला ते काय अवघड.

तिथे रस्ता जात नव्हता. चार माणसांचं विमान, चाकांच्या जागी दोन लांबट होड्या, ते थेट पाण्यावरच उतरायचं. उतरताना मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होते आणि शेजारचा पाहुणा मला गोळी देऊ का विचारत होता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, भोवती खुरटी झाडं, दगड, आणि वारा. उन्हाळा म्हणायचा आणि नाताळच्या सकाळी अंगणात बर्फ! दोन दिवसांनी तेच ऊन कातडी भाजून काढतंय आणि माशा जीन्समधून चावतायत. लॉज नवरा-बायको चालवायचे. तो विमान उडवायचा, पाहुण्यांना तळ्यावर न्यायचा. किचन तिचं होतं. तुझ्याच वयाची असेल, उंच, हाडकुळी, कमी बोलणारी, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी. तिने मला पहिल्या दिवशी सुरी दिली, मी तिच्यासमोर मासा पोट फाडून, धुऊन ठेवला. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "यू'ल डू." म्हणजे, चालशील. यापेक्षा जास्त कौतुक तिने उन्हाळाभर कुणाचंही केलं नाही.

पहिला आठवडा मी उपाशी काढला, आई. खरंच सांगते. पाहुण्यांचं झालं की ती मला विचारायची, "हंग्री?" आणि मी म्हणायची, "नो नो, आय'म फाइन." मनात म्हणत होते, आता म्हणेल, अगं असं काय, घे थोडं. ती "राइटो" म्हणायची आणि झाकण लावायची. झाकण लावायची गं! मी रात्री ब्रेडच्या कडा खाऊन झोपले. दोष तिचा नव्हता. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी बेसनाचा लाडू पुढे केला आणि मी लगेच हात पुढे केला, तेव्हा तू काय डोळे वटारले होतेस! घरी आल्यावर म्हणालीस, "पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नसतं. घरी खायला मिळत नाही असं वाटतं लोकांना." तेव्हापासून माझी जीभ आपोआप नको म्हणायची, माझ्या परवानगीशिवाय. आठव्या दिवशी भुकेने चक्कर आली आणि तिने "हंग्री?" विचारल्याबरोबर मी "येस" म्हणाले. तिने ताट भरलं, काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही.

पाहुणे आठवड्याला बदलत. डॉक्टर, वकील, कुणी मोठ्या कंपनीचा साहेब. छातीपर्यंत रबरी विजारी चढवून पहाटेच पाण्यात उभे राहायचे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी दोरीच्या टोकाला लावून दिवसभर हवेत फिरवायची आणि पाण्यावर अलगद ठेवायची. ट्राउट म्हणजे इतका संशयी मासा की सावली पडली तरी पळतो. आणि एवढे हाल करून मासा लागला की काय करायचं? मोजायचा, फोटो काढायचा, आणि पाण्यात सोडून द्यायचा. रविवारी मला पाच मिनिटं फोन मिळायचा, त्यात मी हे तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "मग पकडतात कशाला मेले?" त्या अख्ख्या उन्हाळ्यात इतका शहाणा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. आठवड्याला माणशी एक मासा तेवढा ठेवून घ्यायची मुभा होती. तो माझ्याकडे यायचा. काही तव्यावर जायचे, काही मागच्या शेडमधल्या जुन्या फ्रिजमध्ये. त्या फ्रिजचं त्यांनी धुरी द्यायचं कपाट केलं होतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुटलेले मासे वाढत जायचे. सूपच्या वेळी हातभर असलेला मासा पुडिंग येईपर्यंत वासराएवढा झालेला असायचा. मी वाढता वाढता गालातल्या गालात हसायची. इतकं थकूनही तिथे मला बरं वाटत होतं. मला तिथे राहायचं होतं.

जानेवारीत मेलबर्नचा एक म्हातारा डेंटिस्ट आला होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटा. आठवडा संपत आला तरी त्याच्या दोरीला एक मासा लागला नाही. बाकीचे फोटो दाखवायचे, हा ब्रेडला लोणी फासत बसायचा. शेवटच्या दिवशी दुपारी तो वीतभर मासा घेऊन किचनच्या दारात आला, लहान मुलासारखा लाल झालेला, आणि म्हणाला, "हा मी खाणार." मालकीण नुसती मान हलवून बाजूला झाली. मी तुझा मसाला काढला. हळद, तिखट, चिंच, वरून तांदळाचं पीठ, आणि चरचरीत तळला. गोड्या पाण्यातला मासा म्हणून तू नाक मुरडलं असतंस, पण त्याने काटा न् काटा चोखला. त्याच्याबरोबर भात केला होता. मी विचारलं, "अजून थोडा?" तो नो म्हणाला. मी परत विचारलं. तो परत नो म्हणाला. मला वाटलं, लाजतोय बिचारा. वाढला चमचाभर. त्याने कसाबसा गिळला. नंतर मालकिणीने मला सिंकपाशी गाठलं. "लव्ह, माणूस नो म्हणाला की ते नो असतं. त्याच्या ताटात परत काही घालायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण मला रडू आलं. आग्रह हा आपल्याकडे गुण आणि तिथे आगाऊपणा. असो. नियम कळला, एवढं खरं. तिथे एकदाच विचारतात, आणि जे सांगाल ते खरं धरतात.

कळला होता, तरी बघ माझं कर्म. फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी आम्ही दोघी धक्क्यावर बसून शेवटच्या पाहुण्यांचे मासे साफ करत होतो. ती खाली बघूनच म्हणाली, "हिवाळ्यात आम्ही खाली गावात छोटी खानावळ चालवतो. मला वर्षभरासाठी कुणीतरी हवंय. तुझे कागद करून देईन. राहशील?" आई, ज्यासाठी मी दोन वर्षं मरत होते ते ती सुरी चालवता चालवता विचारत होती. आणि मी काय म्हटलं असेल? "ओह नो नो, तुम्हाला कशाला त्रास." ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह. म्हटलं विचारून बघावं." आणि पुढचा मासा घेतला.

मी वाट बघत राहिले. पुढचे दिवस मी भिंती पुसल्या, तो धुरीचा फ्रिज आतून घासला, तिला चहा नेऊन दिला. तिने तोंड उघडलं की वाटायचं, आता विचारेल. ती विचारायची, "मोठी सुरी पाहिलीस का?" मग मीच का नाही सांगितलं? रोज ठरवायची. बोलायला गेले की तुझे ते डोळे समोर यायचे. निघताना तिने मला गच्च मिठी मारली आणि ती सुरी भेट दिली, चामड्याच्या म्यानात घालून. विमान पाण्यावरून उठलं आणि मी हमसून हमसून रडले. पायलट तिचाच नवरा, त्याला वाटलं मी घाबरले. सिडनीला आल्यावर एक दिवस मनाचा हिय्या करून तिला फोन केला, मला यायचंय म्हणाले. ती म्हणाली, "अगं पण तू नको म्हणाली होतीस. सोमवारपासून एक मुलगी लागलीये. आधी बोलायचं नाही का?" तिलाही वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळलं.

पुढचं तुला माहीत आहे. सरकारने नियम बदलले, स्वयंपाक्यांची गरज संपली, मी आणखी कोर्स केले, एका व्हिसावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले. त्यातच बाबा गेले. मी इथून बाहेर पडले असते तर परत इकडे येता आलं नसतं, म्हणून नाही आले. तू फोनवर "राहू दे, नको येऊस" म्हणालीस आणि माझा तोल गेला. तुझ्या या नको नकोने माझं वाटोळं केलं, असं मी किंचाळले. तळ्याची सगळी गोष्ट तेव्हा सांगितली, तुझ्या अंगावर फेकल्यासारखी. तू रडत होतीस की नाही, मला कळलं नाही. शेवटी एवढंच म्हणालीस, "तिने परत विचारलंच नाही होय?"

मग बऱ्याच वर्षांनी माझं सगळं मार्गी लागलं, लग्न, मूल, स्कोफिल्ड्सचं घर. तू पुण्याला दादाकडे होतीस, आणि तिथे तुला सुख नव्हतं, हे तू न सांगताही मला कळत होतं. एका शनिवारी मी भांडी लावता लावता फोनवर म्हणाले, "आई, इकडे येतेस का राहायला?" आणि तू म्हणालीस, "हो. येते." एका झटक्यात! आयुष्यात पहिल्यांदा. वर विचारलंस, "तिकीट कधीचं काढतेस?" मी म्हणाले, लाइन खराब आहे, ऐकू येत नाहीये.

तू आलीस आणि हो म्हणतच राहिलीस. नातवाने "आजी, वॉन्ट सम?" म्हटलं की "येस!" वेंटवर्थव्हिलच्या मिठाईवाल्याने तुकडा पुढे केला की "येस!" मी लाजून लाल व्हायची आणि तू मजेत चघळत उभी. पुन्हा म्हणून कधी "कशाला" म्हणाली नाहीस. ती वर्षं माझी सगळ्यात दमवणारी होती, तुझी दुखणी, मुलाची शाळा, माझ्या शिफ्टा, आणि तेवढीच वर्षं मला घरी जावंसं वाटायचं.

तू आता नाहीस, हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. लाइन खराब नव्हती, आई. मी विचारायचं म्हणून विचारलं होतं. तू कशाला गं म्हणशील, मी बरं म्हणेन, आणि मोकळ्या मनाने भांडी लावीन, असं धरून चालले होते. तू नको म्हणाली असतीस ना, तर मी दुसऱ्यांदा विचारलं नसतं.