अर्धा मोर

सोमवार, ता. ९ जून
सगळ्यात आधी आली शेजारची भारतबाई. हिला पाव्हन्यांचा वास कसा लागतो कुनास ठावं. तिच्या मागनं टॉवेल कारखान्याचे अंबादासशेठ आन त्यांचे मिस्त्री रसूलभाई. माझ्या नातीनं, पूनमनं, प्रोग्राम लिव्हलाय. घरच्या कॉम्प्युटरवरनं थेट कारखान्यातल्या मागावर टॉवेलाची नक्षी जाते. लई हुशार पोर. पन आज नक्षीतला मोर गेला तो अर्धाच. डोकं हाय, पिसारा न्हाय. शेठ म्हनले, "पोरी, ह्या आठवड्यात न्हाय जमलं तर मी दुसरा मानूस बघतो." मग ही पुण्याला नोकरीला जानार. पत्र येऊन पडलंय. शेंगाचटणीला पाव्हन्यांनी हात लावला न्हाय. भारतबाईनं सगळी खाल्ली.

मंगळ. ता. १०
पूनम जेवली न्हाय. भाकरी वाळून कडक. काय बिघडलं इचारलं तर वैतागून सांगितलं. नक्षी जायच्या वाटेवर जागा थोडी. भरली की ती वाट उभं करून ठेवत न्हाय, लगीच म्हनती, आत्ता न्हाय, थोड्या येळानं ये. हिच्या प्रोग्रामला वाटतं मागच मेला, सगळं तोडून मोकळा, म्हनून मोर अर्धा. म्हनलं, गिरनीचं तोंड भरलं म्हनून आपन डबा तितंच टाकून घरी येतो व्हय? डोळे वटारले माझ्यावर. मग टकटक सुरू.

बुध. ता. ११
आज मोराला दोन डोकी. रसूलभाईंनी फोटू धाडला, खाली लिव्हलं, "दादीमा, एक मंगाया था, दो आए." प्रोग्राम थांबतोय आता, पन परत पयल्यापासनं धाडतोय. म्हनलं, अगं, अर्धी ज्वारी आत गेली, उरलेलीच वतायची की. कुटवर गेली तितं रेघ वढून ठेव. "आजी, गप." थोड्या वेळानं माझ्याच ताटातली भाकरी मोडून खाल्ली. गेला राग.

गुरु. ता. १२
मोर पुरा. मी फोटू घेऊन गल्लीभर हिंडले. पाय दुखतेत, दुखू दे.
तर रसूलभाईंना काय सुचलं, परीक्षा म्हनून मधीच वायर काढली. प्रोग्राम आपला वाट बघत बसला, ना हूं ना चूं. पूनमनं डोकं धरलं. "आजी, जागा न्हाय म्हनून थांबनं येगळं आन गिरनीच बंद पडली ते येगळं. किती येळ थांबू?" म्हनलं, मी चहा उकळंस्तोवर थांबते. मग डबा उचलायचा आन घरी येऊन सांगायचं, गिरनी बंद हाय. तसंच लिव्हती म्हनली.
पुण्याला काय कळवलंस इचारलं. "थांब की दोन दिस."
माझा चहा कवाच उकळलाय. तरी थांबले. शेठ आन रसूलभाई शनवारी येतो म्हनलेत.