टाकीकडे तोंड करून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व इथे सुखरूप आहोत, बाबांची प्रकृती ठणठणीत आहे, आणि तुझ्या गुडघ्याने आता तुझं ऐकायला सुरुवात केली असेल अशी आशा करतो. (आमचं तू दोन वर्षं ऐकलेलं नाहीस, पण गुडघा तुझा स्वतःचा आहे.) पत्र लिहिण्याचं कारण असं काहीच नाही. काही मागायचं नाही, जुन्या घराचा विषय तर मुळीच काढायचा नाही. कचेरीत घडलेला प्रकार तुझ्या कानावर घालावा, इतकंच.

पाणीखात्याच्या नकाशा विभागात मी आहे हे तू विसरली नसशील. गावाखालचे सगळे नळ आणि रस्त्यांतली सगळी झाकणं संगणकावर चढवून झाल्यावर आमच्या साहेबांनी ठरवलं, की आता नकाशाने माणूस ओळखला पाहिजे. म्हणजे फोन कोणाच्या हातात आहे आणि तो कुठे उभा आहे हे पाहून नकाशाने आपणहून बदलायचं. चावीवाल्याला (रस्त्यातलं झाकण उघडून, लांब दांड्याची चावी फिरवून जो पाणी सोडतो आणि बंद करतो तो, बाबांनी चौतीस वर्षं जे केलं ते, हे तुला सांगायला नको, पण कंस उघडलाच आहे तर) फक्त व्हॉल्व्ह दिसावेत, मीटर वाचणाऱ्या बाईंना फक्त मीटर, आणि साहेबांना सगळं. काम माझ्याकडे आलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कचेरीत कोणी नाही.

पहिल्या चाचणीला फोन दिला एका नव्या चावीवाल्याला. नकाशात उत्तर दिशा वर असते हे शाळेपासून आपल्या डोक्यात ठोकून बसवलेलं, तेव्हा मीही तसाच नकाशा काढला आणि बंद करायच्या व्हॉल्व्हकडे, म्हणजे वर उत्तरेला, एक ठसठशीत बाण दाखवला. आता मला काय ठाऊक, की चावीवाला कामाला उभा राहतो तो नेहमी टाकीकडे तोंड करून? पाणी जिकडून येतं तिकडे बघायचं, ही त्यांची रीत. आमची टाकी दक्षिणेला. त्या भल्या माणसाने टाकीकडे तोंड केलं, फोन समोर धरला, बाण दाखवेल तसा नाकासमोर चालत गेला आणि टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह इमानेइतबारे बंद केला. अर्धं गाव कोरडं पडलं. त्या घटकेला साहेब दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवे होते. कवळीच्या मापासाठी तोंडात लगदा भरलेला, आणि चूळ भरायला नळाला थेंब नाही. त्यांनी तशाच तोंडाने मला फोन केला. मला नुसते हुंकार ऐकू आले. चाचणी पसंत पडली असं समजून मी त्यांचे मनापासून आभार मानले, दोनदा. (दुसऱ्या दिवशी तोंड मोकळं झालं होतं. त्या भेटीचं वर्णन करत नाही. तू मोठी बहीण आहेस.)

शेवटी हार मानून बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाले, "पाणी इकडून येतं, तर तोंड इकडे नको? उत्तरेला काय आहे, तुझं सासर?" (माझं सासर खरोखरच उत्तरेला आहे. हिने स्वयंपाकघरातून ते ऐकलं. तो वेगळा विषय.) मग आठ दिवस मी त्यांच्या मागे गल्ल्या पालथ्या घातल्या. रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर त्यांच्या खिजगणतीतच नाहीत. सुताराच्या दारापासून तीस पावलं, कुत्रं चावलं होतं तिथून डावीकडे, पिवळ्या भिंतीला खेटून. सुताराला जाऊन वीस वर्षं झाली, त्याच्या जागी चष्म्याचं दुकान आहे, भिंत पाडली. कुत्र्याची चौकशी मी केली नाही. तरी दर ठिकाणी झाकण निघालं. मी निमूटपणे सगळ्या खुणा नकाशात भरल्या आणि चावीवाल्यांपुरता तो फिरवून टाकी वर आणली. ते खूश झाले. मग मीटरवाल्या बाईंनी कुत्री मागितली (कुठल्या फाटकाआड आहे, बांधलेलं असतं का), तीही घातली. साहेबांनी त्यांच्या साहेबांना अहवाल पाठवला. त्यात माझं नाव नाही, पण कुत्र्यांचा गौरवपूर्ण उल्लेख आहे.

एवढाच प्रकार. भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक (दुसरा इलाज नसलेला),
धाकटा

ता. क. बाबांची प्रकृती ठणठणीत असं मी वर लिहिलं. शरीराने आहे. जुनं सगळं त्यांना लख्ख आठवतं, नवं घर मात्र डोक्यात थांबत नाही. तीन महिन्यांत दोनदा ते बाहेर पडले आणि त्यांना परत येता आलं नाही. दुसऱ्यांदा सापडले ते आपल्या जुन्या घराच्या जागी. तिथे आता गाड्या उभ्या करतात. रस्त्यातल्या झाकणावर पाय ठेवून ते उभे होते. मला म्हणाले, "पाणी चालू आहे. म्हणजे घरात कोणीतरी आहे." मला रडू आलं, ताई. साहेबांसमोरसुद्धा आलं नव्हतं.

आणखी ता. क. त्यांच्यासाठी मी वेगळा नकाशा केला आहे. वापरणारा माणूस एकच. बाबा कुठे उभे आहेत हे त्याला कळतं आणि तिथून नव्या घरापर्यंतचा रस्ता तो त्यांच्याच खुणांनी बोलून सांगतो. सगळं जमलं, घोडं अडलं ते आवाजावर. फोनमधली बाई बोलली की बाबा थांबतात, तुम्ही कोण आणि मला का सांगता असं तिला विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. माझा आवाज घालून पाहिला. त्याला म्हणाले, "तू गप्प बस." आयुष्यात त्यांनी मुकाट्याने ऐकलं ते फक्त तुझं.

शेवटचा ता. क. सोबत एकतीस वाक्यांचा कागद जोडला आहे. तुझ्या फोनवर एकेक म्हणून पाठव. घर विकलं त्या दिवशी ते तुला जे बोलले ते विसरून जा, असं मी म्हणत नाही. (ते स्वतः विसरले आहेत, हा अन्याय आहे, मला मान्य आहे.) रागाने म्हटलंस तरी चालेल, "बाबा, डावीकडे वळा" हे तुझ्या तोंडी रागातच शोभतं. ये असंही म्हणत नाही. फक्त एकतिसावं वाक्य जरा सावकाश म्हण. ते आहे, "बाबा, आलं घर." ते ऐकून बाबा आत येतील आणि एकेका खोलीत तुला शोधतील. तेव्हा त्यांना काय दाखवायचं, याची सोय माझ्या नकाशात नाही.