पंगतीतून उठवलेलं माणूस

प्रिय धनराज,

हे ‘प्रिय’ सवयीनं उमटलंय, त्यावरून माझा राग उतरला असं समजू नकोस. फोनच करणार होते. पण तू नेहमीप्रमाणे ‘गुरमीत, आधी एक दीर्घ श्वास घे’ म्हणाला असतास आणि मी फोन भिंतीवर आपटला असता. म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच थांबवून प्राणायाम करायला लावता येत नाही.

काल तुझ्या योगकेंद्राचा व्हिडिओ पाहिला. इगतपुरीचे डोंगर, पांढऱ्या कपड्यांतली शिबिरार्थी मंडळी, पितळी ताटं, आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘लंगर, समतेचा अनुभव’. समतेचा! लाज कशी वाटली नाही रे? भागीबाई त्यात कुठेच दिसत नाही. दिसेल कशी, तिला तू कॅमेरा सुरू व्हायच्या आतच उठवलंस.

हे शब्द तुला कुठून मिळाले ते तुझ्या शिबिरार्थींना माहीत नाही, मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा आपण सातवीत होतो. पंचवटीतली शाळा सुटली की तू माझ्याबरोबर द्वारका चौकात, माझ्या वडिलांच्या, दार्जींच्या, स्पेअर पार्टच्या दुकानामागच्या आमच्या घरी यायचास आणि माझी बीजी तव्यावरची रोटी पोटच्या पोरीआधी तुला वाढायची. त्यावरून मी भांडायचे. रविवारी ती आपल्याला गुरुद्वाऱ्यात न्यायची आणि जोडाघरात बसवायची, आल्यागेल्यांच्या चपला सांभाळायला. तू नाक मुरडायचास. तेव्हा तिनं तुला सेवा समजावली होती: चप्पल हातात घ्यायची, कोणाची ते विचारायचं नाही. संगत म्हणजे काय, पंगत म्हणजे काय, तेही तिथंच कळलं. सगळे जमिनीवर, एका ओळीत, आणि ओळीतून कुणी कुणाला उठवत नाही. एवढी साधी गोष्ट आहे ही.

योगही तू काही हवेतून शिकला नाहीस. रावजी सरांनी वर्षभर तुला शीर्षासनाला हात लावू दिला नव्हता. आधी यम, मग नियम, आसनं नंतर. सर्वांत पहिली अहिंसा. आपल्यामुळे एखाद्याला मान खाली घालावी लागली तर तीही हिंसाच, असं सर म्हणाले होते. हे मला तूच सांगितलंस, रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसून, डोळ्यांत पाणी आणून. मला वाटलं होतं, हा मुलगा काहीतरी वेगळं करून दाखवेल. ते तू केलंसच म्हणा.

केंद्र काढलंस तेव्हा आमच्या ओट्याशी उभं राहून बीजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलंस. ती किती खुशीत होती! कणीक मळता मळता सांगत होती की सिमरन म्हणजे वेगळं काही नाही, हात कामात आणि मनात नाम. तुझ्या माहितीपत्रकात त्याचं झालं ‘ध्वनिकंपनांद्वारे मेंदूचं शुद्धीकरण’. आम्ही पोट धरून हसलो. पोरगा धंदा करतोय, करू दे, म्हणाली बीजी. आता मला त्या हसण्याचासुद्धा राग येतो.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी लंगर करून दे म्हणालास, म्हणून गुडघे दुखत असताना ती पहाटे निघाली. डाळ, भाजी, खीर, सगळं तिनं केलं, आणि सतरंज्याही तिनंच घालून घेतल्या, सरळ एका ओळीत. तेवढ्यात वरच्या पाड्यावरून भागीबाई आली. तुझ्या स्वयंपाकघरात रोज रानभाजी टाकणारी ही बाई, तिला त्या दिवसापर्यंत तू कधी पाणी विचारलं होतंस का, सांग मला. बीजीनं तिचा हात धरून तिला ओळीत बसवलं. भागीबाई लाजली, पदर सारखा केला, बसली. पहिला घास तोंडात गेला होता. आणि तू आलास. वाकून, मऊ आवाजात म्हणालास, ‘मावशी, तुम्ही आत स्वयंपाकघरात निवांत बसा ना.’ ओरडला असतास तर तिनं तुला चार शब्द सुनावले असते. त्या मऊपणापुढं ती काय बोलणार? ‘बरं दादा, माझं काय, मी कुठंबी बसंन,’ म्हणाली आणि मोडलेली रोटी घेऊन उठली. बीजीनं रोट्यांची टोपली माझ्या हातात दिली, आत गेली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसून जेवली. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, तू कॅमेऱ्याकडे बघत होतास.

निघताना मी तुला गाडीपाशी गाठलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, चित्र बिघडत होतं, असं तू म्हणालास. वर मलाच शिकवलंस: अहंकार सोड, साक्षीभावानं बघ, झालं तो वरच्याचा हुकम समज. हुकम! दार्जी गेले त्या दिवशी बीजीनं हा शब्द उच्चारला होता. तो शब्द तू स्वतःच्या करणीवर पांघरूण म्हणून ओढलास. हुकम वरचा होता की तुझ्या व्हिडिओवाल्याचा? पाच विकारांत क्रोध आहे हे मला लहानपणापासून पाठ आहे. अहंकारही त्याच पाचांत येतो, तो तुझ्याकडे ठेव. माझा क्रोध मी सांभाळेन.

खरं तर तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवून मी गप्प बसले होते. पण येत्या रविवारी गुरुद्वाऱ्यातला लंगर आमच्या घरचा आहे, आणि त्यासाठी भागीबाईला बोलवायला बीजी काल मला घेऊन पाड्यावर गेली. भागीबाईनं चहा केला, येते म्हणाली, सुनेलाही आणते म्हणाली. मग हळूच विचारलं, ‘बाई, तिथं आमी मागं कुठं बसायचं?’ धनराज, परतीच्या वाटेवर बीजी रडली. दार्जींच्या मागं मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिनं समजावलं, मी समजावलं, भागीबाई नुसती मान डोलवत राहिली. आमचं ती ऐकणार नाही, कारण तिला आम्ही उठवलं नव्हतं. तेव्हा रविवारी सकाळी तू स्वतः पाड्यावर जा. कॅमेरा नको, पांढरे कपडे नकोत. तिची माफी माग, तिला घेऊन ये, ओळीत बसव आणि तिच्या शेजारी बस. मी वाढायला असेन. तुझ्याशी बोलणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. पण तू हात पुढे केलेस की त्यांत रोटी ठेवेन, कारण पंगतीत बसलेल्याला नाही म्हणता येत नाही, तो तू असलास तरी.

अजून रागातच, पण तुझीच,
गुरमीत