नॅपटेंड

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज इंग्रजीच्या तासाला मुलींना नवा शब्द घडवायला सांगितला. रेणापूरच्या एकीनं लिहिलं, 'नॅपटेंड'. 'नॅप' आणि 'प्रिटेंड' जोडून. अर्थ, झोपेचं सोंग घेणं. मी वही धरून तशीच उभी राहिले.

हा शब्द सुमीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. आई कामाला हाक मारायची, तेव्हा आम्ही दोघीच तो कुजबुजायचो. सुमीला जाऊन वीस वर्षं झाली. ती त्यात दोन 'पी' लिहायची. या मुलीनंही दोनच लिहिलेत. जास्तीचा 'पी' खोडायचं धाडस झालं नाही.

"कुठं वाचलास?"

"कुठंच न्हाई, मॅडम. तुमच्याकडं बघत होते, आपोआप सुचला. असा शब्द खरंच हाय का?"

मी नाही म्हणाले. मग घरी येईपर्यंत सुमीची माफी मागत राहिले.